पिनकोड नसलेली कादंबरी

भिवंडीत काय वाट्टेल ते मिळतं, फक्त सुटं मिळत नाही. कापड ताग्याने, लाद्या कंटेनरने, फ्रिज आणि डायपर गोदामाच्या मापाने. मुंबईत जकात होती तोवर शहाणे व्यापारी आपला माल जकातनाक्याच्या अलीकडेच, म्हणजे आमच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे, राहनाळ अशा गावांत उतरवून ठेवत आणि लागेल तसा आत नेत. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. आता देशात कुणीही मोबाइलवर बोट टेकवलं की आमच्या माणकोली नाक्यावर एक ट्रक अडकतो. या मालात पुस्तकंही असतात. तीही अर्थातच टनाने.

अशा गावात मला कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या गोळा करायचा नाद लागला. कबुतरांचा किंवा पतंगांचा लागता तर चारचौघांत सांगता तरी आला असता. शेजारच्या लूमवाल्या शेठना मी एकदा हा प्रकार समजावून सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, पहिल्या लॉटमध्ये फॉल्ट जास्त असतात की कमी?"

"जास्त."

"पुढच्या लॉटमध्ये ते काढतात?"

"काढतात."

"आणि तुम्हाला फॉल्टवालाच पाहिजे. तोही चढ्या भावाने."

"हो."

शेठ बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "असं एक जरी गिऱ्हाईक मला मिळालं असतं ना मास्तर, तर मी आज घोडबंदर रोडला राहत असतो."

धंद्यातला माणूस मुद्द्यावर लवकर येतो. इंग्रजीतल्या आधुनिक कादंबऱ्यांचा संग्राहकांचा सगळा बाजार खरोखरच अशा फॉल्टवर चालतो. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक ब्लूम्सबरीने १९९७ च्या जूनमध्ये काढलं तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. ती प्रत ओळखायची कशी? पान ५३ उघडायचं. शाळेसाठी न्यायच्या सामानाच्या यादीत जादूची छडी दोनदा आली आहे का बघायचं. आली असेल तर घर घ्या, गाडी घ्या. एकदाच असेल तर पुस्तक मुलांना वाचायला द्या. 'द ग्रेट गॅट्सबी'च्या १९२५ च्या वेष्टनावर मागच्या बाजूला नायकाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं पडायच्या ऐवजी लहान पडलं. प्रकाशकाच्या लक्षात आलं तेव्हा वेष्टनं छापून झाली होती, म्हणून ते अक्षर हाताने दुरुस्त केलं. आज ते हाताने मोठं केलेलं अक्षर भिंगाखाली शोधणारे लोक आहेत आणि त्यांना घरचे लोक वेडं म्हणत नाहीत, कारण त्या एका कागदी वेष्टनासह आणि वेष्टनाविना असलेल्या प्रतींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. देवनागरीत मोठं अक्षर, लहान अक्षर ही भानगडच नाही. एक संधी आपल्या पूर्वजांनी तिथेच घालवली.

इंग्रजी प्रकाशकांनी नवशिक्यांसाठी एक सोय मात्र केली आहे. शीर्षकपानाच्या मागच्या पानावर, जे पान जगात प्रूफरीडर सोडून कुणी वाचत नाही त्या पानावर, आकड्यांची एक रांग असते. पुष्कळदा ती १० पासून १ पर्यंत उतरते. नवी छपाई निघाली की रांगेतला सगळ्यात लहान आकडा उडवायचा. प्लेटवर नवीन काही घालण्यापेक्षा जुनं खरवडणं स्वस्त, एवढाच त्यामागचा विचार. जो लहानात लहान आकडा उरला असेल तितकवी ती छपाई. १ दिसला की गड जिंकला. रँडम हाउसने बरीच वर्षं या सोयीतही पाचर मारून ठेवली होती. त्यांच्या पहिल्या छपाईवर 'पहिली आवृत्ती' असे शब्द असत आणि आकड्यांची रांग २ वर थांबलेली असे. दुसऱ्या छपाईला फक्त ते शब्द काढायचे. म्हणजे १ शोधत बसलेला माणूस त्यांच्या सगळ्या पहिल्या आवृत्त्या बाजूला टाकून हात हलवत घरी जाणार.

या विद्येचा भिवंडीत एक वेगळाच पेच होतो. ट्रॅफिकमध्ये गाडीच्या खिडकीतून आत येणाऱ्या पायरेटेड कादंबऱ्या मूळ पुस्तकाची पानं जशीच्या तशी उचलतात. पायरसीवाल्याच्या हाती पहिल्या छपाईची प्रत लागली असेल तर रांगेतला १ सुद्धा इमानेइतबारे छापला जातो. आमच्या अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये म्हणूनच मी पहिल्या आवृत्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाहिले आहेत. फक्त पान ८० नंतर ११३ येतं.

तरीही इंग्रजी गठ्ठा दिसला की मी चाळतोच. याचं कारण अरुंधती रॉय. 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' १९९७ साली दिल्लीच्या इंडिया इंकने काढली, आणि ही भारतीय आवृत्तीच खरी पहिली असं मानणारे संग्राहक आहेत. म्हणजे जगाला हवी असलेली प्रत एखाद्या वेळी लंडनच्या लिलावघरात नसून वंजारपट्टी नाक्याच्या पुढे, ओल्या पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली असू शकते. 'असू शकते' या दोन शब्दांवर माणूस किती रविवार घालवू शकतो, ते आमच्या घरी विचारा.

मराठीत आकड्यांची रांग नसते. आपण सरळ माणसं. 'प्रथमावृत्ती' असं स्वच्छ लिहितो. घोळ होतो तो त्याच्यापुढे. एक तर तारीख शकात असते. 'गुढीपाडवा, शके १८८५' असं दिसलं की आधी ७८ मिळवायचे, मग १९६३ हाती येतात. बेरीज करता करता दुकानदाराला संशय येतो आणि तो भाव वाढवतो. काही ठिकाणी नुसतंच 'विजयादशमी' असतं. कुठली ते रावणालाही सांगता येणार नाही. आणि खरा सापळा पुढेच आहे: कादंबरीने प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक आपल्या हिशेबाने पुन्हा एकपासून मोजू शकतो. 'कोसला' १९६३ साली पहिल्यांदा आली ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडून. आज ती पॉप्युलरची आहे. 'ययाति'ही १९५९ साली देशमुखांचीच, आज मेहतांची. तेव्हा पहिली आवृत्ती शोधणाऱ्याने आधी हे पाठ करायचं की कुठली कादंबरी मुळात कुणाच्या घरची. मराठी पुस्तकांत मुलीच्या माहेराला महत्त्व आहे ते इथे.

हे मला ठाऊक होतं, तरी ज्या विक्रेत्याकडून एकदा ऑनलाइन कादंबरी मागवली त्याला ते ठाऊक नव्हतं. जाहिरातीत 'दुर्मिळ, पहिली आवृत्ती' असं होतं. पार्सल निघालं. मोबाइलवर त्याचा प्रवास दिसू लागला. एके दिवशी ते भिवंडीत आलं. मी चहा ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी ते भिवंडीतून निघून भलत्याच जिल्ह्यात गेलं. नंतर परत भिवंडीत आलं. गोदाम माझ्या गच्चीवरून दिसतं. मी उभा राहून त्या निळ्या पत्र्यांकडे पाहत होतो आणि कंपनी मला कळवत होती की तुमचं पार्सल तुमच्या शहराकडे येत आहे. शेवटी पुस्तक हाती आलं. 'प्रथमावृत्ती' असं होतंच, खाली साल २००० च्या पुढचं, कारण कादंबरी नव्या प्रकाशकाकडे नुकतीच गेलेली. मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, त्याच्यावर लिहिलंय ना प्रथमावृत्ती? मग?" या 'मग'ला जगात उत्तर नाही. मी पैसे दिले होते, त्याने पुस्तक दिलं होतं, आणि छापील शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हे मराठी माणसाला मी फोनवर कुठल्या तोंडाने शिकवणार?

तेव्हापासून माझा एक सिद्धांत पक्का झाला आहे. पहिली आवृत्ती तिच्यावर काय छापलंय त्यावरून कमी आणि काय छापलेलं नाही त्यावरून जास्त ओळखावी. आपलं पुढे काय होणार हे पहिल्या आवृत्तीला माहीत नसतं. 'ययाति'च्या मुखपृष्ठावर 'ज्ञानपीठ पुरस्कार' अशी ओळ असेल तर तो १९५९ चा माल नव्हे, कारण ते ज्ञानपीठ १९७४ चं. आत 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असं मनोगत असेल तर प्रश्नच मिटला. मागे लेखकाचा फोटो असेल आणि त्यात लेखक आजोबा दिसत असतील, पण कादंबरी त्याने पंचविशीत लिहिलेली असेल, तर पुस्तक खाली ठेवावं. आयएसबीएन असेल तर ते सत्तरच्या आतलं नाही. तो आकडा तेरा अंकी असेल तर २००७ च्या आतलं बहुधा नाही.

या सगळ्यांत माझा लाडका पुरावा म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये कविताही करत. त्यांनी पत्रांची सोय केली असं लोक समजतात. माझ्या मते त्यांनी जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांची सोय केली. १९७२ च्या आधी पत्ता असायचा 'पुणे ३०' किंवा 'मुंबई ४'. मौज प्रकाशनाच्या जुन्या पुस्तकात छपाईचा पत्ता बघा: मौज प्रिंटिंग ब्यूरो, खटाववाडी, मुंबई ४. त्याच चारचं पुढे ४००००४ झालं. कर्णावरची 'मृत्युंजय' १९६७ ची. तेव्हा तिच्या मुद्रणपानावर ४११ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर दिसला की कर्णाची कवचकुंडलं आधीच काढून घेतलेली आहेत असं समजावं.

दुसरा पुरावा किंमत. १ एप्रिल १९५७ ला आणे गेले आणि नवे पैसे आले. १९६४ च्या जूनमध्ये त्यातला 'नवे' हा शब्दही गेला. म्हणजे पुस्तकावर 'नवे पैसे' असतील तर ते साधारण या सात वर्षांतलं. 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने १९५५ ची. तिच्यावर नवे पैसे दिसले तर ती प्रत पहिली असूच शकत नाही. मराठी कादंबरीचं वय सांगायला सरकारी टांकसाळ इतकी उपयोगी पडेल असं टांकसाळीच्याही ध्यानीमनी नसेल.

तिसरा पुरावा अनुस्वारांचा. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नव्या शुद्धलेखन-नियमांना सरकारने मान्यता दिली आणि उच्चारात नसलेले अनुस्वार निवृत्त झाले. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' यांच्या डोक्यावरची टिंबं गेली. तेव्हा १९५२ ची म्हणून कुणी कादंबरी पुढे केली आणि तिच्यात एकही जादा टिंब नसेल, तर शंका घ्यावी. हा पुरावा शंभर टक्के नाही. काही लेखकांनी अनुस्वार आधीच टाकले होते आणि काहींनी महामंडळाला न जुमानता शेवटपर्यंत धरून ठेवले. मराठी लेखक नियमाने वागला असता तर हा छंद फार सोपा झाला असता.

चौथ्या पुराव्याला डोळे लागत नाहीत. खिळे जुळवून छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं की अक्षरांचा उंचसखलपणा लागतो; ऑफसेटचं पान गुळगुळीत. मी हे दुकानात डोळे मिटून करतो. लोक सरकून जागा देतात.

उरले मुद्रणदोष. इंग्रजीत त्यावर भिस्त असते, म्हणून मीही मराठीत ते शोधू पाहिले. दोन अडचणी आल्या. मौजेची पुस्तकं श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या नजरेखालून गेलेली. त्यांत चुकीचा ऱ्हस्व शोधणं म्हणजे दिवस फुकट. आणि इतर काही प्रकाशकांकडे चुका इतक्या की त्यातली पहिल्या आवृत्तीची खास चूक कुठली आणि परंपरेने चालत आलेली कुठली ते कळेना. जुनी पुस्तकं तरी प्रामाणिक. शेवटी शुद्धिपत्र जोडायची. त्या शुद्धिपत्रातही चुका असायच्या, पण नीयत दिसायची. दुसऱ्या आवृत्तीत शुद्धिपत्र जातं आणि चुका राहतात. म्हणून शुद्धिपत्र असलेली प्रत मी कधी सोडत नाही.

एवढी विद्या घेऊन मी जातो कुठे, तर चाचांच्या गोदामात. चाचांचा रद्दीचा धंदा वडिलांपासूनचा. तिथे साहित्याचं वर्गीकरण फार स्पष्ट आहे: पेपर, रंगीत, किताब आणि पुठ्ठा. प्रत्येकाचा भाव वेगळा. पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाची मोठी पंचाईत, कारण ते एकटंच तीन वर्गांत बसतं. त्यासाठी एक पोरगा पोत्यावर बसलेला असतो. तो पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांना धरून पाठीमागे वाकवतो, कण्याचा कट्ट असा आवाज होतो, मग एक झटका. वेष्टन रंगीतमध्ये, पुठ्ठे पुठ्ठ्यात, पानं किताबमध्ये. चित्रकार दलालांनी रंगवलेली नायिका अशा वेळी क्षणभर हवेत तरंगते आणि साबणाच्या खोक्यांवर जाऊन पडते. इंग्लंड-अमेरिकेत ज्या वेष्टनासाठी लोक घर गहाण टाकतील ते इथे रंगीत रद्दीच्या भावात जातं.

सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या पुस्तकाला भाव कमी. चाचांचं म्हणणं बिनतोड आहे. "साहब, पुराना कागज पीला होता है, सूखा होता है. पीले को मिलवाला नहीं पूछता. सूखा काटे पे बैठता नहीं." म्हणजे एकाच कादंबरीची पंचविसावी आवृत्ती आणि पहिली आवृत्ती शेजारी ठेवली तर पंचविसावीला जास्त पैसे. भिवंडीच्या काट्यासारखा निर्भीड समीक्षक मराठीला मिळालेला नाही. तिथे ज्ञानपीठवाला आणि गाइडवाला एका पारड्यात बसतात आणि बहुतेक वेळा गाइडवालाच जड भरतो.

एकदा त्या पोराच्या हातात मला 'बनगरवाडी' दिसली. मी ओरडलो. तो दचकला, कारण गोदामात माणूस ओरडला तर एक तर साप निघालेला असतो नाहीतर ढीग कोसळत असतो. मी पुस्तक हिसकावून शीर्षकपानाच्या मागचं पान उघडलं. पिनकोड होता. आयएसबीएन होता. मागे बारकोडसुद्धा होता. पोरगा माझ्याकडे बघत उभा. तरी मी ती प्रत विकत घेतली. 'बनगरवाडी' म्हटल्यावर ती पुठ्ठ्यात कशी जाऊ द्यायची? शिवाय या कादंबरीचा पेच असा की ती पुस्तकाच्या आधी मौजेच्या दिवाळी अंकात येऊन गेलेली. मग खरी पहिली आवृत्ती कुठली, पुस्तकाची की दिवाळी अंकाची? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तर 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली. त्या हिशेबाने मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती घरोघर आली, वाचली गेली आणि वाण्याच्या पुड्यांत गेली. आपण जिला पहिली म्हणतो ती मुळात दुसरी. हा विचार मी फार वेळ करत नाही. छंदाला बाधतो.

चाचा मला अनेक वर्षं बघत होते. मी प्रत्येक पुस्तकाचं दुसरं पान उघडतो आणि काही पुस्तकं मुकाट्याने पिशवीत टाकतो हे त्यांनी हेरलं होतं. एके दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "क्या ढूँढता है तुम उधर?" मी भाबडेपणाने पिनकोडचं सांगितलं. पुढच्या खेपेला माझ्यासाठी वेगळं पोतं भरून ठेवलेलं. "साहब, इसमें एक में भी पिनकोड नहीं. सब फर्स्ट है. किलो का भाव नहीं चलेगा अब." मी पोतं उपसलं. त्यात साठच्या दशकातल्या लग्नपत्रिका होत्या, एक पंचांग होतं, सरकारी खात्याचा एक अहवाल, एका संस्थेच्या वार्षिक सभेचा वृत्तान्त आणि तमिळमध्ये छापलेलं काहीतरी. मी म्हटलं, "चाचा, हे पंचांग आहे." चाचा म्हणाले, "तो? इसका दूसरा एडिशन निकला क्या?" नव्हतं निघालं. पंचांग ही मराठीतली अशी एकमेव साहित्यकृती आहे की जिची फक्त पहिलीच आवृत्ती निघते. मी पंचांगाचे जादा पैसे दिले.

ग्रंथालयांचं प्रकरण आणखी वेगळं. मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या टिकल्या असतील तर बहुतेक ग्रंथालयांमुळेच, आणि त्यांचे हाल झाले असतील तर तेही ग्रंथालयांमुळेच. पुस्तक आलं की आधी बाइंडरकडे. बाइंडर वेष्टन फेकून देतो, समास कातरतो, रेक्झिन चढवतो आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत शीर्षकातली एक वेलांटी चुकवतो. मग शिक्के. शीर्षकपानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका गुप्त पानावर. गुप्त पान प्रत्येक ग्रंथालयाचं ठरलेलं आणि प्रत्येक वाचकाला माहीत. पण याच शिक्क्यांत एक अस्सल पुरावा दडलेला असतो: दाखल क्रमांक आणि त्याची तारीख. पुस्तक १९६३ साली दाखल झालेलं असेल तर ते १९६३ नंतर छापलेलं असू शकत नाही. एखाद्या कारकुनाने जांभळ्या शाईत निर्विकारपणे टाकलेली ती तारीख कुठल्याही तज्ज्ञाच्या दाखल्यापेक्षा भरवशाची.

बाकी वाचकांची भर असतेच. पहिल्या पानावर पेन्सिलीने 'पान ५७ पाहा'. ५७ वर 'पान १३१ पाहा'. १३१ वर 'पान ९ पाहा'. आणि ९ वर 'काम नाही का दुसरं?' संग्राहकाला हा टोला जास्त लागतो.

ग्रंथालयातून जुनी प्रत बाहेर काढणं मात्र कठीण. १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, त्यावर अनुदान, अनुदानासाठी पुस्तकांची संख्या; त्यामुळे फाटकं पुस्तकही मोजणीला लागतं. निर्लेखनाचा ठराव झाला तरच ते सुटतं. एका गावच्या ग्रंथपालबाईंकडे मी एका जुन्या कादंबरीची चौकशी केली. बाई प्रेमळ. त्या आत गेल्या आणि करकरीत नवी प्रत घेऊन आल्या. मी म्हटलं, "जुनी नाही का?" त्या म्हणाल्या, "अहो, ती फार फाटलीय, पिवळी पडलीय, वासही येतो." मी म्हटलं, "तीच द्या." त्यांनी मला नीट निरखलं आणि मदतनिसाला हाक मारून काउंटरपाशी उभं केलं.

घरी परिस्थिती याहून फार वेगळी नाही. मी भूगोलाचा मास्तर होतो, आणि हिचं म्हणणं असं की भूगोलवाल्याला कादंबरीतही पिनकोडच दिसायचा. परवा तिने विचारलं, "अहो, यातली एखादी दुसऱ्या पानाच्या पुढे वाचलीय का कधी?" वाचल्या आहेत. पण पहिल्या आवृत्तीतून वाचत नाही, पानं तुटतात. वाचायला माझ्याकडे त्याच कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या आहेत. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक कादंबरी दोनदा आहे, आणि माळ्यावर जागा नाही हे तिचं म्हणणं योग्य आहे. कपाटात नेमकं काय आहे ते मी इथे लिहीत नाही. चाचांचा नातू मराठी माध्यमात शिकतो.

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. महाराष्ट्रातल्या माळ्यांवरून या दिवसांत जेवढी पुस्तकं खाली उतरतात, त्यातली बरीचशी फिरत फिरत भिवंडीच्या काट्यावर येतात. तुम्ही काढाल तेव्हा प्रत्येक पुस्तकाचं दुसरं पान तेवढं उघडून बघा. आणे, नवे पैसे, 'पुणे ३०', 'मुंबई ४' असं काही दिसलं तर बाजूला ठेवा. विकायची तर खुशाल विका, पण जाणकाराला दाखवून आणि वेष्टनासकट. आणि ते वेष्टन फाटलेलं असेल तर फाटलेलंच राहू द्या. त्याला सेलोटेप लावू नका.